तयार बेसबॉलपटूंना युनिव्हर्सिटी लेव्हलला कसं न्यायचं: कोकणातल्या कोचसाठी वर्षभराचा प्लॅन

आधीच सांगतो, हे नवशिक्यांसाठी नाहीये. ज्या पोरापोरींनी शाळेत जिल्हा, विभाग खेळून झालंय, बॉल जोरात फेकता येतो, बॅटला बॉल लागतो, आणि कॉलेजात आल्यावर आता पुढे काय असं ज्यांना झालंय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सरांसाठी हे आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडची बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, म्हणजे आंतरमहाविद्यालयीनला समोर मुंबई-ठाण्याच्या टीम असणार, तिथून विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे एआययूच्या (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज) आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथे वर्षभर एकत्र खेळलेले संघ येतात.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे हातात जोर कमी नाही. आपण हरतो ते दोन जागी. एक म्हणजे एकच पोरगा सगळ्या मॅच टाकतो आणि तिसऱ्या मॅचपर्यंत त्याचा खांदा हात वर करू देत नाही, आणि दुसरं म्हणजे बेसवर आलेला रनर आपल्याला थांबवता येत नाही, वॉक (चार चुकीचे बॉल पडले की बॅटरला मिळणारा फुकट पहिला बेस) दिला की तो रनर पुढच्या दोन बॉलमध्ये तिसऱ्या बेसवर. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय आणि बाकीचं उरकलंय.

आधी मोजा

सीझन सुरू करायच्या आधी प्रत्येकाचे आकडे वहीत हवेत, कोच म्हणतो तो फास्ट आहे याला काही अर्थ नाही. लागतं काय, तर स्लो-मोशन असलेला एक मोबाईल, स्टॉपवॉच आणि मेजर टेप.

होम ते फर्स्ट बेस ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. बॅटला बॉल लागल्यापासून पाय बेसवर पडेपर्यंत उजव्या बॅटरला ४.३ ते ४.५ सेकंद लागत असतील तर चांगलं, डावखुरा बेसच्या जवळ उभा असतो म्हणून त्याला साधारण एक दशांश कमी लागतो. त्याशिवाय ६० यार्ड, म्हणजे ५५ मीटरला थोडं कमी, पळवा, ७ सेकंदाच्या आसपास आला तर तो पोरगा कुठल्याही टीमला हवाच असतो. कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्याचा, पॉप टाईम घ्या: बॉल त्याच्या मिटमध्ये (जाड ग्लोव्हमध्ये) आल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत. अंतर ३८.८ मीटर आहे आणि कॉलेज लेव्हलला २.० सेकंद हा चांगला आकडा.

पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, स्पीड मोजायला रडार गन नसते आपल्याकडे, काही बिघडत नाही. मोबाईल २४० फ्रेमवर लावा, बाजूने शूट करा, बॉल हातातून सुटला ती फ्रेम आणि मिटमध्ये घुसला ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा. माऊंडचं, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याचं, रबर (पाय टेकायची पट्टी) होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर असतं पण पिचर पुढे येऊन बॉल सोडतो म्हणून प्रत्यक्ष अंतर १६.८ च्या जवळपास धरा. १२० फ्रेम आल्या म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे ताशी १२१ किलोमीटर. हा सरासरी वेग झाला, गनवर याच्यापेक्षा थोडा जास्त दिसला असता कारण गन हातातून सुटतानाचा वेग पकडते. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या वरच्या डिव्हिजनच्या पिचरचे १४५-१५० चे आकडे बघून पोरं उगाच खचतात, तुम्ही जूनमधला आणि डिसेंबरमधला आकडा शेजारी शेजारी लिहा, तेवढं बास.

पावसाळ्याभोवती वर्ष बांधा

जून ते सप्टेंबर ग्राउंडवर जाता येत नाही ही रड सोडा. हे चार महिने ताकदीचे आणि हाताच्या तयारीचे, आणि ज्या कोचला हे समजलं त्याचे पिचर डिसेंबरला टिकतात.

जिममध्ये पोरं छाती आणि बायसेप करत बसतात, त्यांना तिथून उठवा. बेसबॉलचा जोर जमिनीतून, मांड्या आणि कमरेतून वर येतो, हात शेवटचा. डेडलिफ्ट, एका पायावरचे स्प्लिट स्क्वॉट, पुल-अप्स, रोईंग, आणि २-३ किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर कमरेतून वळून फेकणे, दोन्ही बाजूंनी. आठवड्यातून तीन दिवस पुरे. पिचरला डोक्यावर जड वजन उचलायला मी लावत नाही, त्याचा खांदा आधीच डोक्यावरचं काम करतोय.

पडवीत किंवा हॉलमध्ये नेट हवं असेल तर महागडं बॅटिंग केज विकत घेऊ नका. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठल्याही बंदरावर जुनी नायलॉनची जाळी मिळते. बॉलचा व्यास सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे जाळ्याचा आस, म्हणजे भोक, चार सेंटीमीटरच्या वर नको, आणि दोन पदर सोडा, सैल सोडा, ताणून बांधलं तर बॉल उलटा तोंडावर येतो. खारं जाळं गोड्या पाण्याने धुवून घ्या नाहीतर वास आणि सडणं दोन्ही. अशा नेटमध्ये टीवर (बॉल ठेवायचा उभा दांडा) बॉल ठेवून मारणं आणि बाजूने सॉफ्ट टॉस, म्हणजे हळू उडवलेला बॉल मारणं, हे पावसाळाभर चालतं.

पावसात लेदरचे चांगले बॉल बाहेर काढू नका. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, भिजला की जड होतो, आणि त्या जड घसरड्या बॉलने पोरगा पूर्ण जोर लावतो तेव्हा कोपराचं काम तमाम होतं. ग्लोव्हला बुरशी ही तर आपली खास समस्या, वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसा, आत पेपरचा बोळा, पॉकेटमध्ये बॉल ठेवून बांधा आणि हवा लागेल तिथे टांगा, बॅगेत कोंबू नका, चुलीजवळ तर अजिबात नको.

पाऊस ओसरला, साधारण ऑक्टोबरपासून, पळायला किनारा वापरा पण मऊ वाळूत स्प्रिंट नको, पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते. ओहोटीची ओली घट्ट वाळू बेस्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाच-सहाला सुकती मिळते, आपल्याकडचा जुना हिशोब आहेच, तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवा नाहीतर वजा करा. किनारा उतरता असतो म्हणून जाताना जेवढं पळाल तेवढंच उलट दिशेने पण पळा.

हात: इथे घाई केली की संपलं

कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं, ते फाटलं की त्यावर जे ऑपरेशन करतात त्याला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली. त्यानंतर परत यायला वर्ष किंवा जास्तच लागतं. आपल्या पोराला कोण एवढं करणार? म्हणून ती वेळच येऊ द्यायची नाही.

पायरी पहिली, वॉर्मअप. गरम होण्यासाठी फेकायचं नाही, गरम झाल्यावर फेकायचं. आधी दहा मिनिटं पळणं आणि कंबर-खांदे मोकळे करणं, मग रबरी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून खांदा बाहेर फिरवणे, आत फिरवणे, मागे ओढणे, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा. फेकताना हात पुढे जातो पण तो थांबवतात ते खांद्याच्या मागचे बारीक स्नायू, म्हणून मागच्या बाजूचं काम पुढच्यापेक्षा जास्त.

दुसरी, लाँग टॉस. ३० मीटरपासून सुरू, दर आठवड्याला थोडं वाढवत ४५, ६०, आणि ज्यांना झेपतं त्यांना ७५ पर्यंत. लांब जाताना बॉलला कमान चालेल, परत जवळ येताना मात्र सरळ रेषेत, छातीला. क्रिकेटमधून आलेली पोरं बाउंड्रीवरून फेकतात तसं कोपर खाली ठेवून बाजूने फेकतात, तिथे मोबाईलवर त्यांना त्यांचंच दाखवा: पुढचा पाय जमिनीवर पडतो त्या क्षणी कोपर खांद्याच्या रेषेत आलंय का. नसेल तर जोर वाढवायच्या आधी हे बसवा. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल हलका, त्यामुळे सुरुवातीला यांचे सगळे थ्रो वरून जातात, घाबरू नका, दोन-तीन आठवड्यात बसतं.

तिसरी, माऊंड. सपाट जमिनीवर वर्षभर प्रॅक्टिस आणि स्पर्धेत अचानक १० इंचाचा उंचवटा, मग पिचर दोन इनिंग बॉल मातीत घालत बसतो. होडी बांधणाऱ्या सुताराकडून मरीन प्लायचा हलवता येणारा माऊंड करून घ्या. उंची १० इंच, रबरच्या पुढे ६ इंच सपाट आणि मग दर फुटाला १ इंच उतार, वर जुनी रबरी चटई. आणि हो, काही ठिकाणी स्पर्धेत माऊंडच नसतो, तेव्हा आठवड्यातला एक बुलपेन (पिचरचा टाकण्याचा सराव) सपाटवर ठेवा.

चौथी, पिच, म्हणजे टाकायचे बॉल, कुठले शिकवायचे. सगळ्यांना कर्व्ह (वळणारा बॉल) हवा असतो. मी आधी फोर-सीम फास्टबॉल (शिवणीवर आडवी बोटं ठेवून टाकलेला सरळ वेगाचा बॉल) चारही कोपऱ्यात टाकायला लावतो, मग चेंजअप (फसवा हळू बॉल), आणि मगच कर्व्ह. चेंजअपला हात फास्टबॉलसारखाच फिरतो, फक्त बॉल तळव्यात खोल धरायचा आणि अंगठा-तर्जनीचं गोल बाजूला करायचं, वेग १०-१५ किलोमीटरने उतरतो आणि बॅटर आधीच फिरून मोकळा होतो. आपल्या दमट हवेत बोटं घामाने निसरडी होतात, राळेची पिशवी माऊंडमागे ठेवायला नियमाने परवानगी आहे, ती वापरा, तोंडात बोटं घालायची सवय लावू नका.

पाचवी, आणि हीच खरी. पिच मोजा. एमएलबी (अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉलने मिळून तरुण पिचरसाठी जी मर्यादा सांगितलीय ती अशी: १७-१८ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त १०५ पिच, १९ ते २२ ला १२०. आणि विश्रांती अशी की ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकू शकतो, ३१ ते ४५ ला एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, त्याच्यावर चार, आणि मोठ्या गटात १०५ च्या पुढे गेला तर पाच. हा तक्ता डगआऊटमध्ये (टीम बसते तिथे) चिकटवा. एक राखीव खेळाडू फक्त मोजायला बसवा, त्याला दुसरं काम देऊ नका.

आकडा कमी असला तरी दमल्याची लक्षणं दिसली की काढा: बॉल सारखा वर राहायला लागला, दोन पिचमधला वेळ वाढला, कोपर खाली आलं, बॉल टाकून झाल्यावर तो हात झटकतोय. पोरगं सांगणार नाही दुखतंय म्हणून, कधीच सांगत नाही. कोपर आतून दुखत असेल तर बर्फ लावून उद्या बघू हा प्रकार नको, सरळ फिजिओकडे.

टीममध्ये पाच तरी टाकणारे हवेत. मिळतात कुठून? शॉर्टस्टॉप, सेंटर फिल्डर, थर्ड बेस, ज्यांचा हात चांगला आहे त्यांना ऑगस्टपासूनच पिचिंग सुरू करा, स्ट्राइक (बॅटरला मारता येईल अशा टप्प्यातला बॉल) टाकता आली की झालं, दोन इनिंग काढल्या तरी खूप. भालाफेकवाला असेल तर त्यालाही बोलवा, २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल मूळचे भालाफेकपटूच होते, बेसबॉल माहीत नव्हता दोघांना.

रनरला बांधून ठेवणं

आपली बरीच पोरं सॉफ्टबॉलमधून येतात आणि तिथे पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये तो तीन-साडेतीन मीटर बाहेर येऊन उभाच असतो. म्हणजे पिचरला मागे बघायची, कॅचरला बसल्या जागेवरून फेकायची सवयच नसते, आणि मुंबईच्या टीमला हे पहिल्याच इनिंगला कळतं.

हिशोब बघा. पिचर पाय उचलल्यापासून बॉल मिटमध्ये जाईपर्यंत १.३ सेकंद, कॅचरचे २.०, बेरीज ३.३. चांगला रनर फर्स्टवरून सेकंडला साधारण ३.४ ते ३.५ मध्ये पोचतो. म्हणजे टॅग करायला एक-दोन दशांशच मिळतात! आता आपला पिचर पाय छातीपर्यंत उचलून १.६ घेत असेल तर कॅचर कितीही भारी असू दे, रनर आरामात सेफ. एक दशांश सेकंदात रनर पाऊण मीटर पुढे जातो. सगळे कॅचरला ओरडतात पण दहापैकी सात-आठ वेळा बेस पिचरने दिलेला असतो.

मग करायचं काय? पिचरला रनर असताना पाय कमी उचलून टाकायला शिकवा, रोजच्या बुलपेनमधले निम्मे पिच असेच, आणि प्रत्येकाला स्टॉपवॉच. वेग थोडा उतरेल, उतरू दे. दुसरं, सेटमध्ये, म्हणजे टाकण्याआधी बॉल धरून स्थिर उभं असताना, थांबायचा वेळ बदलत ठेवा, कधी एक सेकंद, कधी तीन, कधी रनर वैतागून परत मागे जाईपर्यंत. याने पिकऑफपेक्षा (रनरला बाद करायला बेसवर फेकणं) जास्त रनर जागेवर राहतात, हात खर्च होत नाही. तिसरं, बॉक, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल. सेटमध्ये पूर्ण थांबलं नाही, किंवा फर्स्टला फेकताना पाय त्या दिशेला टाकला नाही की अंपायर रनरला फुकट बेस देतो, म्हणून पिकऑफची पावलं हळू हळू, आधी बॉलशिवाय, मग बॉलसकट.

कॅचरचं काम पायात आहे. बॉल आला की उजवा पाय झटकन आडवा खाली, बॉल मिटमधून हातात कानाजवळ, फेक. भिंतीसमोर बसून नुसतं मिटमधून हातात काढायचं ड्रिल रोज पन्नास वेळा. जोर नंतर बघू, पॉप टाईममधले पहिले दोन-तीन दशांश इथेच सुटतात.

आणि आपल्या रनरने हेच उलटं करायचं. समोरच्या पिचरचा वेळ पहिल्या इनिंगला बाकावरून मोजा, १.५ च्या वर असला की सोडा घोडे. उजव्या पिचरची पुढची टाच आणि मागची टाच बघायची, मागची आधी उचलली तर तो फेकतोय फर्स्टला, पुढची उचलली तर होमला, पळ. स्लाइड शिकवायला पाऊस म्हणजे वरदान: गवतावर मोठी ताडपत्री, त्यावर साबणाचं पाणी, पोरं मोजे घालून, स्पाइक काढून, दोन्ही मुठीत गवत धरून येतात म्हणजे हात खाली टेकत नाहीत आणि मनगट वाचतं. हे जांभ्याच्या ग्राउंडवर शिकवायला जाऊ नका, मांडीची सालटं निघाली की पोरगा आयुष्यभर स्लाइड करत नाही.

बॅटिंग

इथे मुख्य अडचण वेगाची. आपल्याकडे १३० ने टाकणारा कोणी नाही, मग पोरांना सवय कशी लागणार? अंतर कमी करा. १२ मीटरवरून ९० किलोमीटरने फेकलेला बॉल ०.४८ सेकंदात येतो, पूर्ण अंतरावरून १३० चा बॉल जवळजवळ तेवढ्याच वेळात येतो. मात्र फेकणाऱ्यासमोर एल-स्क्रीन (एल आकाराची आडोशाची जाळी) हवीच, जीआय पाईपची फ्रेम आणि तेच बंदरावरचं जाळं, त्याशिवाय १२ मीटरवर उभं राहायचं नाही, बॉल परत येतो तो डोळ्यासमोरून कळत पण नाही.

क्रिकेटवाल्यांचा पुढचा पाय बॉलकडे धावतो, अंग सगळं पुढे जातं. टीवर बॉल ठेवून त्यांना मागच्या पायावर वजन धरून कमरेतून फिरायला लावा. त्यांची एक सवय मात्र सोन्यासारखी, बाहेरचा बॉल सोडता येतो. ती घालवू नका. पिचर बुलपेन टाकतोय तेव्हा बॅटरला हेल्मेट घालून नुसतं उभं करा, बॅट फिरवायची नाही, बॉल हातातून सुटल्या सुटल्या ओरडायचं, फास्ट की कर्व्ह, स्ट्राइक की बॉल. पिचरला पण समोर माणूस मिळतो.

काउंट शिकवा, म्हणजे आधी बॉल किती आणि मग स्ट्राइक किती. २-० किंवा ३-१ असेल तर एकच जागा ठरवून तिथेच मारायचं, दुसरीकडे आला तर सोडा. दोन स्ट्राइक झाल्या की हात बॅटवर थोडे वर घ्या, छोटा स्विंग. बॅट ॲल्युमिनियमची असली तरी प्रॅक्टिस लाकडीने करा, चुकीच्या जागी लागला की हातालाच कळतं, कोचला सांगावं लागत नाही.

फिल्डिंग थोडक्यात

आपली ग्राउंडं खडबडीत, त्याचा फायदाच आहे, शॉर्ट हॉप (टप्पा पडल्या पडल्या उसळणारा बॉल) घ्यायची सवय लागते. आवाज आधीच ठरवून ठेवा: बॉल कुठे फेकायचा ते नुसता आकडा, "दोन, दोन", "घर", कटऑफला (लांबचा थ्रो मधेच अडवणाऱ्याला) "कट", आणि उंच बॉलला तीनदा "माझा". बॉल उंच गेला आणि दोघं गप्प, हे युनिव्हर्सिटी लेव्हलला परवडत नाही. फर्स्ट आणि थर्डवर रनर असताना डबल स्टील (दोन्ही रनर एकदम पुढचा बेस चोरायला पळाले) झाला तर कोण कट करणार, हे आठवड्यातून एकदा तरी चालवा.

स्पर्धेचा आठवडा

टेक्निकल मीटिंगला स्वतः जा आणि इनिंग किती, किती रनच्या फरकाने मॅच संपते, माऊंड आहे का, बॅट कुठली चालते हे विचारून लिहून घ्या, जागोजागी बदलतं. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा, रात्रभर गाडीत बसून सकाळी पिचरला माऊंडवर उभं करणं म्हणजे मॅच देऊन टाकणं. खाण्यात नवं काही नको, भात, अंडी, उसळ, आणि सामन्याच्या मधे मिठाची पेज किंवा मीठ घातलेलं कोकम. पहिल्या इनिंगपासून प्यायला लावा, तहान लागेपर्यंत थांबू नका.

पिचरचं बजेट आदल्या रात्री कागदावर. पहिली मॅच हलकी असेल तर एक नंबरच्या पिचरला ३० पिचला काढा, उद्या तो परत हाताशी राहतो, ३१ वा टाकला की उद्या गेला. ७५ टाकले तर तीन दिवस विसरा. याच्यासाठी तर पाच जण तयार केले होते. आठ रनने पुढे असताना पण पहिल्यालाच चालू ठेवणारे कोच मी बघितलेत, कारण काय तर लय सापडलीय.

सीझन संपला की पिचरला सलग चार आठवडे तरी फेकणं बंद, पळू दे, पोहू दे, जिम करू दे. आणि याच काळात गावोगाव टेनिस बॉलच्या टुर्नामेंट असतात, आपला पिचर तिथे शनिवार-रविवार बाउंड्रीवरून थ्रो मारत असतो आणि तुम्हाला सोमवारी सांगतो सर खांदा जड वाटतोय. ते थ्रो पण मोजण्यात धरा, आणि गावच्या कॅप्टनला आधीच फोन करून सांगा की याला स्लिपमध्ये उभा कर.